ज्याला कुणी आउट करत नसे

या, असे पुढे सरकून बसा. मागच्या भिंतीला टेकून ऐकायची ही कथा नाही. हिचा आवाज लहान आहे, आणि मधूनमधून तो श्वासाच्या यंत्राच्या घरघरीत बुडतो. टाळ-मृदंग हिला लागत नाही. कीर्तनाला बसता तशी मांडी घाला, मोबाईल पालथे ठेवा, एवढं पुरे. देव पडणाऱ्याला हात देतो असं आपण म्हणतो, आणि ते खरंही आहे. पण हात दिल्यावर त्या पडणाऱ्याच्या मनाचं काय होतं, हे आपण सहसा विचारत नाही, आरती करून उठतो. आज ते विचारायचं आहे. भिलाईतल्या एका बहिणीची आणि तिच्या भावाची गोष्ट सांगतो. चमत्कार होईल म्हणून वाट पाहू नका, तो होणार नाही.

समृद्धी त्या संध्याकाळी उतईच्या रस्त्यावरच्या तिच्या संस्थेतून स्कूटीनं रिसालीला घरी चालली होती. संस्थेत ती संशोधक. ज्यांचे हातपाय चालत नाहीत, डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही, अशा माणसांना खेळता येतील असे कम्प्युटरवरचे खेळ ती बनवायची. घराच्या अलीकडच्या मैदानापाशी म्हशी आडव्या आल्या म्हणून तिनं गाडी थांबवली, एवढंच. मैदानात पोरं रेस-टीप खेळत होती. आपला लपंडावच, भिलाईत त्याला रेस-टीप म्हणतात. राज्य आलेल्या पोरानं टँकरच्या चाकामागून एक चिमुरडी हुडकून काढली, "टीप!" म्हणून ओरडला, आणि बाकीची पोरं लपलेल्या जागा सोडून त्याच्याच अंगावर धावली. "अबे, उसको क्यों टीप रहा है? वो तो कच्चा निंबू है!" तो ओशाळला. "सॉरी, सॉरी. जा, छुप जा फिर से." पण पोरगी जागची हलेना. "मैं आउट हूँ," ती म्हणाली. "नहीं रे, तू आउट नहीं होती." "मैं आउट हूँ ना!" तिनं पाय आपटला, मग तांबड्या मातीत फतकल मारली आणि तोंड वासून रडायला लागली. हरलेली पोरं रडतात तसं ते रडणं नव्हतं. म्हशी निघून गेल्या. मागचा ऑटोवाला हॉर्न वाजवत होता, "मॅडम, चलना है कि नहीं?" म्हणत होता, आणि समृद्धीला गाडीची मूठ पिळता येत नव्हती. मूठ हातात होती, हात मनगटाला होता, पण मनगटापलीकडे कुणी राहत नसावं तसं वाटत होतं. पीयूषला असंच वाटत असेल का, हा विचार तिला आला, आणि एवढ्या वर्षांत हा विचार आपल्याला कधी आला नव्हता हे त्याच्या पाठोपाठ आलं.

कच्चा निंबू म्हणजे काय ते तुम्ही जाणताच. लहान असतं, दुबळं असतं, नाही म्हटलं तर आईकडे जाऊन भोकाड पसरेल असं असतं, त्या पोराला खेळात घ्यायचं पण मोजायचं नाही. ते धावतं, लपतं, ओरडतं. त्याच्यावर राज्य येत नाही. ही पोरांची दयाबुद्धी, आणि ती कुणी त्यांना शिकवलेली नसते. पीयूष, समृद्धीचा धाकटा भाऊ, पोलाद कारखान्याच्या सेक्टरमधल्या क्वार्टरांच्या रांगेत सगळ्यांचा कच्चा निंबू होता. त्याच्या पोटऱ्या गुबगुबीत होत्या आणि त्यांत जोर नव्हता. चालता चालता तो असा बसे की जणू कुणी खालून दोरी ओढली. डॉक्टरांनी बाबांना, म्हणजे कारखान्यात रूळ घडवणाऱ्या रेल मिलमधल्या नरहरी कुंभलकरांना, इंग्रजीतून समजावलं की हा स्नायूंचा आजार आहे, तो पायांकडून वर चढत जाईल. बाबांनी सगळं कळल्यासारखी मान हलवली आणि बाहेर येऊन पोराला पेरूची फोड घेऊन दिली. आई, साधनाबाई, तेव्हा होती. एका उन्हाळ्यातल्या संध्याकाळी पोरं रेस-टीप खेळत होती आणि पीयूष सरपटत शेजाऱ्यांच्या परसात गेला आणि कूलरच्या रिकाम्या लोखंडी पेटीत शिरून बसला. डाव संपला, पोरं टीव्हीसाठी घरोघर पांगली, समृद्धीही हातपाय धुऊन पोळीचा तुकडा मोडत होती, तेव्हा आईनं विचारलं, "पीयूष कुठं आहे वं?" आणि ती तुकडा ताटात टाकून परसाकडे धावली. कुणी त्याला शोधलंच नव्हतं. ज्याला आउट करायचं नाही त्याला शोधायचं कशाला? पेटीतून ओढून काढला तेव्हा त्याच्या गालावर गंज आणि मानेवर मुंग्या होत्या, पाय आखडले होते, आणि डोळे असे लकाकत होते की तिला बघवेना. "मले कोणीच नाही ढुंढू शकलं! मी जिंकलो ना, ताई?" ती म्हणाली, "हो. तूच जिंकला. सबसे लास्ट." आईनं तिच्याकडे पाहिलं. रागावली नाही. नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला, जरा जोरात, आणि बराच वेळ काढला नाही. त्या हाताचं वजन समृद्धीनं आशीर्वाद म्हणून घेतलं. पुढचं सगळं आयुष्य तिनं त्या वजनाखाली काढलं असं म्हटलं तरी चालेल.

लोक मुलाखतीत तिला विचारत, या वाटेला कशा वळलात, तेव्हा ती हसून सांगे, भावामुळे. खरंच भावामुळे. इंजिनीअरिंगला असताना तिनं त्याच्यासाठी पहिला खेळ लिहिला, बांटीचा. बांटी म्हणजे गोट्या. तेव्हा त्याचा उजवा हात माउसवर जरा सरकत असे. पडद्यावर जोर दाखवणारी एक पट्टी मागेपुढे डुले, ती बरोबर जागी आली की बटण दाबायचं, मग गोटी सुटे आणि समोरच्या गोटीला टकरे. तो दाबायचा, पण उशिरा. मनात ठरवल्यापासून बोटापर्यंत पोचायलाच त्याला वेळ लागायचा, आणि गोटी बाजूनं निघून जायची. तो काही बोलायचा नाही, पुन्हा दाबायचा. तिसऱ्या दिवशी तिला ते पाहवलं नाही. तिनं खेळाच्या आत एक ओळ घातली: उशिरा दाबलं तरी वेळेवर दाबलं असं धर. गोटीला गोटी लागली. पीयूष असा ओरडला की मागच्या क्वार्टरमधून कुणीतरी भिंत ठोकली. मग माउस गेला, दोन बोटं राहिली. दोन बोटं गेली, अंगठा राहिला. प्रत्येक वेळी ती खेळ थोडा सोपा करी आणि आतला आधार थोडा वाढवी, आणि प्रत्येक वेळी तो तितक्याच मोठ्यानं ओरडे. दक्षिणेतल्या मोठ्या संस्थेत ती पुढचं शिकायला गेली तेव्हा तिचे सर म्हणाले होते, अक्षरं मोठी करणारे, एका बटणावर खेळ आणणारे पुष्कळ आहेत. तुझ्याकडे दुसरंच काहीतरी आहे, न दिसणारा आधार. त्या तीन शब्दांवर तिचा प्रबंध झाला, नोकरी झाली. आणि ते खोटं नव्हतं हो! भिलाईजवळच्या कोहक्यात अर्धांगानं अंथरुणाला खिळलेल्या एक बाई होत्या, घरच्यांशीही बोलणं टाकलेल्या. समृद्धीचा खेळ खेळताना त्या हसल्या तेव्हा त्यांची सून स्वयंपाकघरात जाऊन रडली. असं एखादं हसू मिळालं की कुणाचीही खात्री पटेल की आपण देवाचं काम करून राहिलो. एका मोठ्या परिषदेत तिनं पीयूषची चित्रफीत दाखवली, अंगठा, गोटी, आरोळी, आणि सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबल्यावर चाकाच्या खुर्चीतल्या एका माणसानं विचारलं होतं, "हे त्यांना माहीत असतं का?" तिच्याकडे उत्तर तयार होतं. माहीत झालं की आनंद कमी होतो, असं आमच्या अभ्यासात दिसतं. माणसानं मान डोलावली आणि खिडकीबाहेर पाहिलं. त्याचं ते बाहेर पाहणं ती जेवणाच्या रांगेत पोचेपर्यंत विसरली होती. आता मैदानाच्या कडेला, ऑटोवाला शिव्या घालून बाजूनं निघून गेल्यावर, तिला त्या माणसाची मान स्वच्छ दिसली, मानेवरची कॉलरची घडीसुद्धा.

पीयूषच्या श्वासाला यंत्र लागलं तेव्हा ती भिलाईला परत आली. आई तोवर गेली होती. बाबांनी निवृत्तीनंतर रिसालीत घर बांधलं होतं, दारं रुंद, उंबरे नाहीत, खुर्ची फिरावी म्हणून. मराठी मंडळाच्या हॉलमध्ये दर हिवाळ्यात कीर्तनाचा सप्ताह होतो. बाबा झांज घेऊन मागे उभे राहतात आणि पीयूषची खुर्ची पहिल्या ओळीच्या कडेला लागते. ती परत आली त्या वर्षीची गोष्ट. वर्ध्याकडचे बुवा आले होते, गळा असा की ऐकणाऱ्याचं हृदय हातात धरल्यासारखं वाटावं. उत्तररंगात त्यांनी देव गोकुळात सवंगड्यांशी खेळायचा तो प्रसंग लावला. हरेल त्यानं जिंकणाऱ्याला पाठीवर घ्यायचं, असा पण. देव हरला. ज्याच्या पाठीवर ब्रह्मांड, त्यानं एका गवळ्याच्या पोराला पाठीवर घेतलं आणि झाडापर्यंत नेलं. बुवा गात गात खरोखरच वाकले, मृदंग धीमा झाला, आणि सगळा हॉल डोळे पुसत होता. बाबांची झांज तर वाजायचीच थांबली होती. परतताना थंडीत खुर्ची ढकलत असता पीयूषनं विचारलं, "बाबा, त्या पोट्ट्याले मालूम होतं का, की देव मुद्दाम हारला?" बाबा म्हणाले, "मालूम असतं तं पाठीवर बसला असता का, येडा?" समृद्धी हसली होती. देवानं आपला प्रबंध आधीच लिहून ठेवला आहे असं तिच्या मनात आलं होतं, आणि हा विनोद सरांना कळवावा असंही. पीयूष हसला होता का? आठवेना. ती मागून खुर्ची ढकलत होती, तिला त्याचं डोकं तेवढं दिसत होतं, मफलर गुंडाळलेलं. एवढी वर्षं तिनं त्याला मागून तरी पाहिलं होतं, नाहीतर अंगठ्याकडे पाहिलं होतं.

ती घरी पोचली तेव्हा बाबा फाटकापाशीच होते. "अवं समू, कावून एवढा उशीर? अन् गाडी अशी आडवी लावून राहिली, पाणीवाला कसा येईल?" तिनं गाडी सरळ केली. "काई झालं का? चेहरा असा कायले?" "काही नाही बाबा. म्हशी होत्या." "म्हशीले घाबरली! एवढी पीएचडी बाई!" मग आवाज खाली करून, "सकाळपासून एकच लावलं त्यानं. आज ताईसोबत मॅच. कॉम्प्युटरसोबत नाई म्हणते, ताईसोबत." "काही खाल्लं?" "दोन चमचे रवा. मंग म्हणते, बाबा, टंकी फुल." त्यांनी हसायचा प्रयत्न केला. डॉक्टरांनी जे सांगितलं होतं ते दोघांना ठाऊक होतं. पीयूषला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यालाही ठाऊक होतं, आणि घरातले तिघं त्या गोष्टीभोवतून अशी वाट काढत होते जशी मधोमध ठेवलेल्या माठाभोवतून काढावी. समृद्धीनं बूट काढले, हात धुतले. पॅसेजमध्ये उभ्याउभ्या लॅपटॉप उघडला. बांटीच्या खेळातला आधार काढून टाकणं म्हणजे फारसं काही नव्हतं, एका खुणेवरून बोट फिरवायचं. ती बोट धरून उभी राहिली. निदान एकदा त्याला आउट होऊ दे. एकदा हरू दे, चिडू दे, मला शिव्या देऊ दे, त्या पोरीसारखं फतकल मारून बसू दे. आता वेळ नाही. तिनं बोट फिरवलं. त्याला सांगून फिरवावं असं तिच्या मनात आलं नाही. आधार दिला होता तो न सांगता. काढला तोही न सांगता.

"आल्या सायंटिस्ट मॅडम," पीयूष म्हणाला. नाकावरच्या मास्कमधून यंत्र श्वास भरी आणि काढी, त्या लाटेच्या उतारावर तो दोन-दोन शब्द बसवत असे. "बैठो. हरल्यावर... बहाने नाई." "तूच हरशील," ती म्हणाली. हे वाक्य तिनं आयुष्यात पहिल्यांदा त्याला म्हटलं आणि तिचं तिलाच ते उसनं वाटलं. बाबा दाराशी टेकून उभे राहिले, पंचा खांद्यावर. पडदा पलंगाच्या पायथ्याशी टांगला होता. त्याच्या अंगठ्याखाली तिनं स्वतः बनवलेलं मऊ बटण कापडी फितीनं बांधलेलं होतं. तिनं पहिली गोटी मारली, लागली. त्याची पाळी आली. पट्टी डुलू लागली, मागे, पुढे, मागे. ती वाट पाहत राहिली. उशिरा दाबेल, चुकेल, गोटी बाजूनं जाईल, त्याचा चेहरा पडेल, तेव्हा काय बोलायचं ते तिनं ठरवून ठेवलं होतं. पट्टी डुलत राहिली. गोटी सुटलीच नाही. चुकीची नाही, उशिरा नाही, काहीच नाही. तिनं अंगठ्याकडे पाहिलं. तो बटणावर होता. कुणीतरी विसरून ठेवलेल्या वस्तूसारखा होता. मग तिनं मान वर केली. पीयूष पडद्याकडे पाहतच नव्हता, तिच्याकडे पाहत होता.

"बंद केलं ना तू?"

"काय?"

"जे काई होतं ते." श्वास. "अंगठा तं दिवाळीच्या आधीच गेला, ताई. मी दाबतच नाई."

ती म्हणाली, पण काल तू जिंकलास. परवाही. काल तर केवढ्यानं ओरडलास. हे ती म्हणत होती आणि म्हणता म्हणताच तिला दिसत होतं की खेळ एकटाच खेळत होता, पट्टी जागेवर आली की आपणच गोटी सोडत होता, आपणच टकरत होता. तिनं आधार वाढता ठेवला होता, जितका माणूस मागे सरेल तितका आधार पुढे येईल असा, आणि माणूस पूर्ण मागे सरल्यावरही तो आधार थांबला नव्हता, थांबावं कुठं हे तिनं त्याला शिकवलंच नव्हतं.

"तू थकून यायची," पीयूष म्हणाला. "तुले वाटे, भाऊ खेळून राहिला. मंग मी चिल्लावो. बस."

"केव्हापासून माहीत आहे तुला?"

"भोत पह्यलेपासून." त्याच्या डोळ्यांच्या कडा हसल्या. "तू हॉस्टेलले होती. एक दिन मले झपकी लागली खेळता खेळता. उठून पाह्यतो तं... मी जिंकलेला." यंत्रानं त्याचं हसू मधेच कापलं आणि पुन्हा भरलं. "बाबाले म्हटलं, पाहा बाबा, मी झोपेतही चॅम्पियन."

तिनं वळून पाहिलं. बाबा पंच्याचं टोक बोटांभोवती गुंडाळत होते, आणि जमिनीकडे पाहत होते.

"मग सांगितलं कावून नाही मला?" तिचा आवाज चढला. घरात मराठी बोलतानाही ती आताशा शहरातली झाली होती, पण तो 'कावून' आतून आला, आईच्या तोंडचा. "एवढी वर्षं? बाबा, तुम्हीसुद्धा?"

"काय सांगू? तू एवढी खुश राहे," बाबा म्हणाले. "पेपरमधी तुहा फोटो आला होता."

"खेळात घेतलं होतं ना आमी तुले," पीयूष म्हणाला. "कच्चा निंबू."

त्यानं हे दुखवायला म्हटलं नव्हतं, हेच फार वाईट होतं. त्याच्या आवाजात लाड होता.  परिषदेतलं उभं राहिलेलं सभागृह समृद्धीच्या डोळ्यांपुढे आलं. त्या सगळ्या टाळ्या एका आजारी पोराच्या नाटकावर उभ्या होत्या, आणि नाटक तिच्यासाठी चाललं होतं, ती थकून येते म्हणून. ती मागे जात राहिली, वर्षावर्षानं मागे, निदान एक आरोळी खरी सापडेल म्हणून. कोणती? भिंत ठोकली होती ती? ती असेल. पण तेव्हा तर तो जिंकलाच नव्हता. जेव्हा आरोळी खरी होती तेव्हा जिंकणं खोटं होतं, आणि पुढे जिंकणं खोटं आहे हे कळल्यावर आरोळीही खोटी झाली, आणि या दोहोंच्या मधे कुठंही तिला उभं राहायला जागा मिळेना. कोहक्यातल्या त्या बाईही सुनेसाठी हसल्या असतील का? विचारावं कुणाला? छातीत काहीतरी असं बसलं की यंत्र भावाला लावलंय की आपल्याला, हे तिला क्षणभर कळेना.

"आता खरं खेळू," पीयूष म्हणाला. "बिना मशीनचं."

"कशानं खेळणार रे तू?" बाबा म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांनी जीभ चावली.

"डोळ्यानं. पलक झपकी का आउट. बाबा अंपायर." श्वास. "अन् बेमानी नाई, ताई. तुह्या आईची शप्पथ."

"माझी आई तुझी कोण होती रे?"

"म्हणूनच तं."

बाबा हसले आणि पंच्यानं तोंड पुसलं. तिनं खुर्ची ओढून त्याच्या चेहऱ्यासमोर आणली, इतकी जवळ की मास्कच्या कडेनं निसटणारी हवा तिच्या हनुवटीला लागत होती. बाबांनी "चला, सुरू" म्हटलं, अगदी आरतीला म्हणतात तसं. आणि तिनं भावाचे डोळे पाहिले. तपकिरी. उजव्या डोळ्यात पांढऱ्यावर एक बारीक तीळ होता, तो तिला ठाऊक नव्हता. ती मनात म्हणत होती, हलायचं नाही. ही एक गोष्ट खरी होऊ दे. याला हरव. आउट कर. म्हण मोठ्यानं, आउट! तिच्या डोळ्यांत जळजळ सुरू झाली. त्याच्याही. त्याच्या खालच्या पापणीवर पाणी जमलं, थरथरलं, पण सांडलं नाही; तो झुंजत होता. त्याच्या सगळ्या देहातून हाकलला गेलेला जोर त्या दोन पापण्यांमागे येऊन उभा राहिला होता, आणि तो जोर तिच्याविरुद्ध होता, आणि असा तो तिच्याविरुद्ध कधीच उभा राहिला नव्हता. हा खेळतोय, तिला वाटलं. देवा, हा खेळतोय! तिनं दात आवळले. तिला जिंकायचं होतं. खरोखर, लहान पोरीसारखं, चिडून जिंकायचं होतं. त्याची पापणी आता पडेल, आता पडेल, असं दिसत असतानाच तिच्याच डोळ्यांत जाळ उठला, आणि पापणी लवली. तिची.

तिनं लववली नव्हती. ती लवली.

"समू आउट," बाबा हळूच म्हणाले.

पीयूषनं डोळे मिटले, पाणी दोन्ही कानशिलांवरून ओघळून उशीत गेलं. उघडले तेव्हा तो तिच्याकडे पाहत होता.

"मुद्दाम केलं," तो म्हणाला.

"नाही रे! देवाशप्पथ नाही. आईची शप्पथ. खरंच लवली. मी जिंकायला बसले होते पीयूष, मला तुला हरवायचं होतं, खरं सांगते!"

"हो," तो म्हणाला. लहान मुलाला आपण ज्या आवाजात हो म्हणतो त्या आवाजात. "हो ना, ताई. मानलं."

आणि मग, यंत्राच्या श्वासाची वाट पाहून, तो श्वास पूर्ण भरून घेऊन, तो ओरडला. रोज संध्याकाळी ओरडत असे तसाच, तिच्यासाठी.

आणखी एकदा खेळू, ती म्हणाली. तो म्हणाला उद्या. उद्या छातीत कफ होता, परवा दवाखाना होता. तिनं त्याच्या उशाशी बसून पुन्हा पुन्हा सांगितलं आणि तो पुन्हा पुन्हा हो म्हणाला, शेवटी तिनंच सांगणं थांबवलं, कारण प्रत्येक होसोबत तो थोडा अधिक थकत होता. महिना उलटायच्या आत तो गेला. समृद्धी अजून संस्थेत जाते, तिथं बसते. नवा खेळ तिनं केलेला नाही. संध्याकाळी येताना ती लांबच्या रस्त्यानं येते. बाबा झांज वाजवतात, पण तिला विचारू नका म्हणतात, आणि तिला समजवायचा प्रयत्न करू नका म्हणतात, कारण अंपायर तेच होते, आणि पापणी आपोआप लवली की लववली, हे त्यांनाही सांगता येत नाही. ते जाणणारी एकटी तीच, आणि तिच्यावर विश्वास ठेवायचा होता तो एकटाच.

तेव्हा मायबापहो, उठण्याआधी एक मागणं आहे. उद्या सकाळी देवापुढे हात जोडाल, घरच्यांसाठी मागून झालं की एक नाव घ्या: पीयूष नरहरी कुंभलकर, राहणार रिसाली. आजारानं गेला, बिचारा होता, म्हणून घेऊ नका. बिचारेपण त्याला पुष्कळ मिळालं. रिसालीतल्या त्या खोलीत, दिवे लागायच्या वेळी, तो आपल्या बहिणीशी खेळला आणि जिंकला, कुणी जिंकू दिलं नव्हतं. त्याला ते शेवटपर्यंत पटलं नाही. तुम्ही ते खरं मानून आठवा त्याला.